प्रामाणिक माणूस एकटा पडू नये म्हणून

धान कापणीला येतं त्या दिवसांत वडसा वनविभागातल्या वनरक्षकाच्या हातातल्या कागदाला फार मोल येतं. 2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला. पुढे तो कुरखेडा, वडसा या भागांत फिरू लागला आणि पीकनुकसानीचे पंचनामे हे इथल्या वन कर्मचाऱ्यांचं नेहमीचं काम होऊन बसलं. बांधीत उभं राहून किती धान तुडवलं गेलं ते लिहायचं असतं. बारा गुंठे की वीस गुंठे, एवढाच प्रश्न. पण शेतकऱ्याला वाटतं, जरा वाढवून लिहावं. वर्ष बुडालेलं असतं, त्याचं वाटणं खोटं नसतं. गावातल्या वजनदार माणसाला वाटतं, आपल्या माणसाचं आधी व्हावं. मध्यस्थाला त्यात वाटा हवा असतो. वरून निरोप येतो की आकडे फार फुगू देऊ नका. हे सगळं तोंडी. कागदावर सही मात्र एकट्याची, किंवा सोबत आलेल्या एक-दोघांची.

नोकरीतली नीतिमत्ता म्हणतात ती अशा ठिकाणी पणाला लागते. तिथे साहेब नसतो, कॅमेरा नसतो, भिंतीवरची पाटी तर नसतेच.

आपल्याकडे आचारसंहिता लिहिणारे बहुधा असं धरून चालतात की कर्मचाऱ्याला चांगलं-वाईट कळत नाही, ते एकदा नीट समजावलं की काम झालं. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. बारा गुंठ्यांचे वीस लिहिणं चूक आहे हे त्या वनरक्षकाला पक्कं ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतं ते दुसरंच. बाराच लिहिले तर उद्या आपलं काय होईल? साहेब पाठीशी उभे राहतील की बीट बदलतील? सोबतचे म्हणतील का, ‘हाच एक मोठा हरिश्चंद्र’? गावात पुन्हा पाय ठेवता येईल का? या प्रश्नांना संहितेत उत्तर नसतं, आणि म्हणून ती चालत नाही. प्रामाणिक माणसाला एकटं पडू न देणं हे आचारसंहितेचं खरं काम आहे, असं माझं म्हणणं आहे. माणूस चांगला करण्याचा वायदा तिने करू नये. चांगला असलेला माणूस टिकावा, एवढी सोय तिने करावी.

नियमांची तर वाण नाहीच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 पासून लागू आहेत. सचोटी, कर्तव्यनिष्ठा, भेटवस्तू, मालमत्तेचं विवरण, सगळं त्यांत आहे. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. वरिष्ठाच्या सांगण्यावरून काही करायचं असेल तर तो आदेश शक्यतो लेखी घ्यावा, तसं जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. ज्याने ही तरतूद लिहिली त्याला कार्यालयं आतून माहीत असावीत. गैरकामाचा हुकूम कधी लेखी येत नाही. तो फोनवर येतो, जाता जाता दारात येतो, ‘बघून घ्या जरा’ एवढ्या तीन शब्दांत येतो. खालच्या माणसाने तो कागदावर मागितला, तर दहांतले बहुतेक हुकूम मागितल्या जागीच विरून जातील.

पण असा दुजोरा मागणारा कर्मचारी आपण किती पाहतो? मागणाऱ्याची गणना उद्धटांत होते. साहेबावर अविश्वास दाखवला, असा त्याचा अर्थ लावला जातो. नियम त्याच्या बाजूने आहे, कार्यालय मात्र नाही. तोच दुजोरा सगळ्यांनी रोज मागायची पद्धत असती तर त्यात अपमान कुणाला वाटला नसता. एकट्याने मागितला की ते बंड ठरतं.

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास दक्षता जनजागृती सप्ताह येतो. कार्यालयांत शपथ घेतली जाते, प्रत्येकाची सही होते. शपथेला माझा विरोध नाही. माणसाने आपला शब्द मोठ्याने उच्चारावा, त्यात काही तरी आहेच. पण सही घेतली की नीती आली, ही समजूत किती कच्ची आहे ते एका गाजलेल्या प्रकरणावरून कळतं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकात संशोधन छापून आलं होतं. फॉर्म भरल्यावर शेवटी सही घेण्याऐवजी आधीच वर सही घेतली तर माणसं खरी माहिती भरतात, असा त्याचा निष्कर्ष. सरकारांनी, कंपन्यांनी तो उचलून धरला, कारण उपाय स्वस्त होता. पुढे तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही, आणि 2021 मध्ये त्यातली आकडेवारीच बनावट असल्याचं उघड होऊन तो लेख मागे घेतला गेला. सहीची जागा बदलून माणसाचं वागणं बदलत नाही. त्याच्या भोवतीची माणसं कशी वागतात, यावर ते ठरतं.

एन्रॉन हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. दाभोळच्या वीज प्रकल्पाने गुहागरपासून मंत्रालयापर्यंत जो धुरळा उडवला तो अजून अनेकांच्या आठवणीत आहे. या कंपनीची नीतिसंहिता 64 पानांची होती. 2000 साली ती कर्मचाऱ्यांच्या हाती दिली गेली, 2001 च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. पानं कमी पडली म्हणून हे झालं नाही. 1999 मध्ये कंपनीच्या वित्तप्रमुखाला स्वतःच्या खाजगी भागीदाऱ्यांमार्फत कंपनीशीच व्यवहार करायचे होते. संहितेत ते बसत नव्हतं, तेव्हा संचालक मंडळाने त्याच्यापुरती संहितेला सूट दिली. खालच्या हजारो माणसांना 64 पानं आणि वरच्या एकाला सूट. अशी सूट एकदा दिली गेली की खालचा माणूस पान उघडतही नाही. तो वर बघतो, आणि त्याला जे दिसतं तीच त्याच्या लेखी संहिता असते. आपल्या तालुक्याच्या कार्यालयांतही असंच चालतं. सरकारी गाडी घरच्या बाजाराला जाते की नाही, साहेब दौऱ्यावर आले की जेवणाचा खर्च कोण उचलतो, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत असतं. त्या जेवणाचे पैसे ज्याच्या खिशातून जातात तो ते कुठून भरून काढणार, याचा विचार साहेबाने केलेला नसतो असं मला वाटत नाही.

काही जण म्हणतात, एवढा खल कशाला, भीती बसवा. 1064 या क्रमांकावर फोन करा, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो, नोटांना पावडर लावलेली असते, द्रावणात बुडवलेले हात गुलाबी होतात, दुसऱ्या दिवशी बातमी. सापळे लागले पाहिजेत, यात शंका नाही. पण सापळ्यात बहुधा हात पुढे करणारा सापडतो. त्या हातातून पुढे वर जाणारा वाटा सापडत नाही. उरलेले त्यातून सचोटी शिकत नाहीत, पैसे स्वतःच्या हाताने घ्यायचे नाहीत एवढं शिकतात. मग चहाच्या टपरीवर एक माणूस बसतो आणि कार्यालयाचं काम त्याच्यामार्फत होऊ लागतं. शिवाय 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. कोरची तालुक्यातल्या आतल्या गावच्या माणसाने एकट्याने हे करावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पुन्हा तोच एकटा.

एकट्याने करायची गोष्ट सगळ्यांनी मिळून केली तर काय होतं, हे बघायला वडशापासून फार लांब जावं लागत नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना लेखा लागतं, त्याला लागून मेंढा. शंभराच्या आसपास घरांचं गोंडांचं गाव, भोवती अठराशे हेक्टरांच्या घरात जंगल. या गावाने देशात पहिल्यांदा, 2009 मध्ये, सामूहिक वनहक्क मिळवला, एवढं बहुतेकांना माहीत असतं. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तकही अनेकांनी वाचलेलं आहे. मला इथे हक्काबद्दल बोलायचं नाही. हक्क मिळायच्या कितीतरी आधी गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांबद्दल बोलायचं आहे.

त्या नियमांत एक असा होता: घरच्या गरजेपुरतं जंगलातून आणायचं, पण त्यासाठी कुणाला लाच द्यायची नाही. वरवर पाहता हे आपल्या पाटीवरच्या ‘लाच देऊ नका’सारखंच वाक्य आहे. फरक आहे तो हे वाक्य कसं आलं त्यात. पाटी वरून आली. मेंढ्यातला नियम ग्रामसभेत बसून, बोलून, सर्वसहमतीने ठरला. तिथे बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो, पुन्हा चर्चेला येतो. त्यामुळे ज्या दिवशी नियम झाला त्या दिवशी ‘मला हे मान्य नव्हतं’ असं म्हणायला गावात कुणी उरलं नाही. मयालीसाठी लाकूड आणणाऱ्या माणसाला वाटेत कुणी अडवून पैसे मागितले, तर त्याला शूर व्हायची गरज उरली नव्हती. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं की गावाचं ठरलंय. नाही म्हणण्याचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरून शंभर घरांवर वाटलं गेलं.

आणखी एक गोष्ट मेंढ्यात झाली, तिच्याकडे कार्यालयं चालवणाऱ्यांनी फार बारकाईने बघावं. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या काळात तिथे अभ्यासगटाची रीत पडली. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, मनसोक्त प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेतच. बोलायची जागा वेगळी आणि ठरवायची जागा वेगळी ठेवल्यामुळे माणूस मोकळेपणाने शंका काढू शकतो, कारण त्याच्या शंकेचा लगेच कुणाच्या विरुद्ध ठराव होत नसतो. आपल्या कार्यालयांत याच्या उलट असतं. महिन्याच्या आढावा बैठकीत साहेब विचारतात, खालचे आकडे सांगतात, बोलणी खातात आणि परत जातात. अडचण मांडायची तर तीही तिथेच, सगळ्यांसमोर, जिथे मांडणं म्हणजे आपली नालायकी कबूल करणं. मग कोण मांडेल?

27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याच्या ग्रामसभेकडे बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक सोपवलं. तोपर्यंत या भागातला बांबू कागद कारखान्याच्या करारात जात होता आणि गावकरी त्यात तोडणीचे मजूर होते. त्या दिवसानंतर ग्रामसभा मालकही झाली आणि मजूरही तीच राहिली. तोड, मोजणी, विक्री, मजुरीवाटप, हिशेब, सगळं गावाकडे. म्हणजे ते एक कामाचं ठिकाणच झालं, आणि पैशाचं. पैसा आला की कसोटी लागते. मेंढ्यात हिशेब ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो. बांबू ज्याने तोडला तोच तिथे ऐकायला बसलेला असतो. किती बांबू गेले हे त्याला पाठ असतं. ज्याला आतलं माहीत आहे त्याच्यासमोर हिशेब वाचणं, यासारखा दुसरा अंकुश नाही. नागपूरहून येणाऱ्या तपासनिसाला कागद दिसतात, तोडणाऱ्याला बांबू दिसलेले असतात.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. 2012 मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी बांबूच्या तोडीचे स्वतःचे नियम लिहिले, पाळीपाळीने गस्त लावली, जंगलाचा एक तुकडा अस्पर्श राखला. त्याहून धाडसाचा निर्णय म्हणजे तेंदूपत्ता विकायचाच नाही असं त्यांनी ठरवलं. पानासाठी झाडं छाटली जातात, नवी पालवी यावी म्हणून आग लावली जाते, त्याने जंगलाचं नुकसान होतं, असं त्यांच्या लक्षात आलं. उन्हाळ्यात हातात येणारा रोख पैसा या भागात काय असतो ते इथल्या माणसालाच कळेल. तो सोडायचा नियम वरून आला असता तर एका हंगामात मोडला असता. माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिलं, ते बरं झालं.

तेंदूचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही बघावी. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक गोणं. पुडे मोजणारा मुन्शी ठेकेदाराचा माणूस असतो. शेकड्यामागे काही पुडे वरकड घ्यायचे, पानं कमी आहेत म्हणून पुडा बाजूला टाकायचा, ही तक्रार फार जुनी आहे, इतकी जुनी की या जंगलात बंदुका आल्या तेव्हा त्यांना शिरकाव मिळाला तो मजुरीच्या याच रोषातून. त्या मुन्शीची नीती सुधारायला त्याला कुठल्या प्रशिक्षणाला पाठवणार? तो गावच्याच पट्टीतला असतो, त्याला मोजता येतं आणि त्याला लाजही असते. पण त्याचा पगार वरकड पुड्यांवर टिकलेला असतो. जिथे ग्रामसभांनी पेसा कायद्याखाली लिलाव स्वतः करून मोजणीला आपलीच दोन माणसं बसवली, तिथे पानं गोळा होतात त्या त्याच फळीवर त्याच मुन्शीला नीट मोजावं लागतं. त्याचा मालक आता पुडे बांधणारी बाईच असते.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. गाव वेगळं, कार्यालय वेगळं. गावात सगळे एकमेकांचे सोयरे, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहणार. कार्यालयात उतरंड असते, तीन वर्षांत बदली असते, सर्वसहमतीला वेळ कुणाला आहे? शिवाय गाव नेहमी न्यायाने वागतं असंही नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एखाद्या दुबळ्यावर अन्यायाचंही असू शकतं.

खरं आहे, आणि वडशाहून चांगलं उदाहरण त्याला सापडायचं नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीचं हे गाव. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे, गावोगावची मंडळं इथे येऊन तारीख ठरवतात. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. या व्यवसायाची शिस्त लिहिलेली नाही पण ती कडक आहे. ताप असो, गाडी बंद पडो, घरी काही घडलेलं असो, पडदा वर जातो. पाच-सात गावांची माणसं थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली असतात, त्यांना तोंड दाखवायचं असतं. समोरासमोरच्या नजरेने किती काम होतं, याचा हा पुरावाच. पण ती नजर रंगमंचापुरती असते. नाटक संपल्यावर पहाटेच्या गाडीत काय होतं, ठरलेलं मानधन किती दिवसांनी आणि किती कापून मिळतं, नव्या मुलीला कोण काय बोलतं, हे प्रेक्षकाला दिसत नाही. तिथे न लिहिलेली शिस्त ज्याच्या हाती कंपनी त्याच्या बाजूने झुकते. कलाकार स्त्रीने बोलायचं कुणाजवळ? पुढच्या हंगामाचं काम त्याच्याच शब्दावर असतं.

म्हणून कागद हवाच. जे सगळ्यांसमोर घडतं त्यासाठी माणसांची नजर पुरते. जे आडोशाला घडतं त्यासाठी लिहिलेला नियम आणि बाहेरचं दार लागतं. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाबद्दल 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली, 2013 मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. हंगामी, रोजंदारी, सगळ्या स्त्रिया त्यात येतात, म्हणजे नाटकवाल्याही येतात. वडशाच्या कंपन्यांनी आपल्या करारपत्रावर, निदान कार्यालयाच्या दारावर, त्या स्थानिक समितीचा पत्ता लिहिला तर ते या रंगभूमीच्या प्रतिष्ठेचंच काम होईल.

मात्र नुसत्या समितीने भागत नाही, हेही विदर्भाने फार जिव्हारी लागेल अशा तऱ्हेने पाहिलं. मार्च 2021 मध्ये मेळघाटात हरिसालच्या तरुण वनपरिक्षेत्र अधिकारी स्त्रीने आत्महत्या केली. तिने मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचा उल्लेख होता. खातं होतं, नियम होते, पायऱ्या होत्या. पण खात्यातली तक्रार जाते ती पायऱ्या चढत, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो किंवा त्याचा जवळचा त्याच पायऱ्यांवर बसलेला असतो. त्याच्या दहा वर्षं आधी, 25 जानेवारी 2011 रोजी, मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जाळून मारलं. ते अधिकारी होते, त्यांच्यामागे सरकार होतं, तरी त्या क्षणी ते एकटे होते. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला आणि तो अजूनही अमलात आणलेला नाही. ज्या राज्यात हे घडलं तिथे शिपायाला आणि वनरक्षकाला ‘निर्भयपणे तक्रार करा’ असं सांगताना सांगणाऱ्याने आधी स्वतः काय जोखीम पत्करली, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

गडचिरोलीच्या बाबतीत एक गोष्ट मला वर्षानुवर्षं खुपते. महाराष्ट्रात कुणा कर्मचाऱ्याला धाक घालायचा तर ‘गडचिरोलीला पाठवीन’ म्हणतात. 1982 च्या 26 ऑगस्टला हा जिल्हा झाला तेव्हापासून ही बोली आहे. इथल्या नोकरीला एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, म्हणजे कष्टाची दखल सरकारने घेतली आहे. पण शिक्षेची जागा ही ओळख पुसली गेली नाही. ज्याला तिकडे नीट वागता आलं नाही त्याला इकडे पाठवायचं, तर मग इथल्या माणसाने नीट वागणुकीची अपेक्षा कुणाकडून करायची? आणि जो मन लावून काम करायला येतो, त्यालाही पहिल्या दिवसापासून विचारलं जातं, ‘काय केलंस म्हणून इथे आलास?’ अशा प्रश्नाने सुरू झालेल्या नोकरीत सचोटीचा अभिमान रुजायला वेळ लागतो. कुठल्याही कार्यालयाच्या आचारसंहितेआधी बदल्यांच्या या रीतीबद्दल मंत्रालयाने बोलावं.

तोपर्यंत तालुक्याच्या पातळीवर काहीच करता येत नाही असं मात्र नाही. महिन्यातून एकदा आढावा बैठकीपासून वेगळं बसावं, आकडे न घेता. विषय एकच: या महिन्यात कुणाला कुठे नाही म्हणणं जड गेलं? नावं घ्यायची नाहीत, ठराव करायचा नाही, मेंढ्याच्या अभ्यासगटासारखं. पहिले तीन-चार महिने कुणी बोलणार नाही. पाचव्या महिन्यात एखादा वनपाल सांगेल की अमुक गावच्या पंचनाम्यात माझ्यावर असा दबाव आला होता, आणि दुसरा म्हणेल, माझ्यावरही आला होता. दोघांना कळेल की आपण दोघं आहोत. त्या दिवशी त्या कार्यालयाची आचारसंहिता खऱ्या अर्थाने लागू झाली असं मी समजेन. मग पुढचं त्यांचं त्यांनाच सुचेल: पंचनाम्याची प्रत बांधीतच शेतकऱ्याच्या हाती द्यायची, नुकसानीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायची, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचायची. शेजारच्या बांधीचा माणूस ऐकत असताना बाराचे वीस होत नाहीत, आणि बाराचे आठही होत नाहीत.

या बसण्यात कंत्राटी माणसं असली पाहिजेत. आज कार्यालयातला संगणकचालक, गाडीचा ड्रायव्हर, रोपवाटिकेतली मजूर बाई, वाघामागे फिरणाऱ्या प्राथमिक प्रतिसाद दलातला पोरगा, यातले कितीतरी सरकारी कर्मचारी नाहीत. 1979 चे नियम त्यांना लागू नाहीत, आणि त्या नियमांचं संरक्षणही नाही. अकरा महिन्यांची ऑर्डर साहेबाच्या मर्जीवर पुढे सरकते. गैरकाम करवून घ्यायला याहून सोयीचा माणूस नाही, हे करवून घेणाऱ्यांनी केव्हाच ओळखलेलं आहे. संगणकावर नोंद कुणाच्या पासवर्डने झाली आणि बोटं कुणाची होती, हे सगळ्या कार्यालयाला माहीत असतं. चौकशी झाली तर जातो तो अकरा महिन्यांचा माणूस. त्यालाही लेखी आदेश मागता आला पाहिजे, आणि मागितल्याबद्दल त्याची ऑर्डर थांबणार नाही असं कार्यालयप्रमुखाने सगळ्यांसमोर म्हटलं पाहिजे.

त्यासाठी एक साधी वही पुरे. टेबलावर उघडी ठेवायची, तोंडी आदेश आला की तारीख, वेळ, आदेश आणि देणाऱ्याचं नाव लिहायचं, आठवड्याने देणाऱ्याने सही करायची. पहिलं पान साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहावं: काल मी अमुक माणसाला फोनवर अमुक सांगितलं, ते असं होतं.